दुकान एक, घरातली माणसं पाच : ब्रँडवाले वय बघून कपडा कसा विकतात?

लगीनसराई सुरू झाली आहे आणि तिच्या मागोमाग जूनची शाळा येते. म्हणजे वर्षाच्या कपडाखरेदीतला मोठा हिस्सा आता या दोन-तीन महिन्यांत उरकणार. पूर्वी हे काम सोपं होतं. तालुक्याच्या बाजारात दुकान ठरलेलं असायचं. गादीवर टेकायचं, शेठजी चहा सांगायचे, आणि आजोबांच्या धोतरापासून नातवाच्या चड्डीपर्यंत सगळं एकाच गाठोड्यात बांधून मिळायचं. उरलेले पैसे कापूस विकल्यावर.

आता तेच घर जिल्ह्याच्या ठिकाणी एसीच्या दुकानात जाते आणि दारातूनच पांगते. पोरगी एका कोपऱ्यात, पोरगा दुसऱ्या, लहानगं चित्राच्या टी-शर्टला लटकलेलं, माय कुर्त्यांच्या रॅकपाशी. आजोबा मिळाली तर खुर्चीवर, नाहीतर बाहेर चपलांपाशी. हे आपोआप होत नाही. प्रत्येकाने कुठे थांबावं, काय बघावं, कोणाचा फोटो बघून हात पुढे करावा, हे आधी ठरवलेलं असते. बिल मात्र एकाच खिशातून जाते, आणि तो खिसा बहुतेक वेळा कापसाच्या नाहीतर सोयाबीनच्या चुकाऱ्याने भरलेला असतो. म्हणून हा धंदा कसा चालतो ते आपणही समजून घेतलेलं बरं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ब्रँडवाल्याला आपलं वय पाहिजे असते ते मापासाठी कमी. त्याला शोधायचं असते की या वयाच्या माणसाचा कपडा घरात ठरवतो कोण. लहान लेकराचा आई ठरवते, कॉलेजच्या पोराचा मित्र ठरवतात, नवरदेवाचा अख्खं घर मिळून ठरवते. म्हाताऱ्याचा कोण ठरवतो ते शेवटी पाहू. जो ठरवतो त्याच्या कानाशी जाहिरात लागते.

आमच्या पिढीची जीन

हे सगळं मोबाइलने आणलं असं तरुण पोरांना वाटते. तसं नाही. आज चाळिशी-पंचेचाळिशीत असलेल्या माणसाला ‘रफ अँड टफ’ आठवत असेल. १९९५ मध्ये अरविंद मिल्सने ही जीन काढली. तेव्हा ब्रँडची तयार जीन म्हणजे शहरातल्या पैसेवाल्याची वस्तू. खेड्यातल्या पोराला ती पाहिजे तर होती, पण परवडत नव्हती, आणि त्याच्या गावात तयार कपड्याचं दुकानही नव्हतं. गावात होता तो शिंपी.

कंपनीने डोकं असं लावलं की तयार पँट विकायचीच नाही. डेनिमचं कापड, चेन, बटण, रिव्हेट आणि मागच्या खिशावर लावायचा बिल्ला, एवढा संच पाकिटात घालून १९५ रुपयांना विकला. शिलाई गावच्या शिंप्याकडे. शिंप्यांना जाड कापड कसं शिवायचं ते दाखवलं, त्यांनाच विक्रीच्या साखळीत घेतलं. जाहिरातीत अक्षय कुमार. पोरं पाकीट घेऊन शिंप्याच्या दारात रांगा लावत, आणि शिंपी जाड शिवणीवर सुई मोडली की कंपनीला शिव्या देत.

यात वयाचं गणित बघा. कंपनीने पस्तिशीच्या माणसाकडे पाहिलंच नाही. तो तेव्हा टेरिकॉटच्या पँटीत सुखी होता. सोळा ते पंचवीसचा पोरगा पकडला. त्याच्याकडे पैसे कमी, पण हौस जबर. त्याला बापाचा होकार पाहिजे, म्हणून किंमत बापाला झेपेल अशी ठेवली. आणि ‘हे बरोबर आहे का’ हे ज्याला विचारायचं, तो शिंपी कंपनीने आधीच आपल्या बाजूला वळवला होता. मार्केटिंगच्या पुस्तकांतून हे उदाहरण पुढे बरंच सांगितलं गेलं.

पुढची गंमत अशी. ज्या पोरांनी तेव्हा अक्षय कुमार पाहून जीन शिवली, त्यांची पुढे पोटं सुटली, घरसंसार झाले. मग ‘डॉलर’ बनियनच्या जाहिरातीत बरीच वर्षं कोण होता? तोच अक्षय कुमार. गिऱ्हाईक म्हातारं होते तसा नटही म्हातारा होतो आणि दोघांची ओळख कायम राहते. उलटा प्रकारही चालतो. ‘लक्स कोझी’ने एका काळात सनी देओल घेतला होता, नंतर वरुण धवन घेतला. माल तोच, बनियन. फक्त आता बापाऐवजी पोराला विकायचं ठरलं.

आपल्या जिल्ह्याचा डेनिमशी संबंध आहेच. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे. एका जीन पँटीला साधारण दोन किलो कापूस लागतो असं धरा, कारण क्विंटलमागे रुई निघते तेहतीस-पस्तीस किलो आणि पँटीचं वजन असते सहाशे-सातशे ग्रॅम. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे पँटीतला कापूस झाला दीडशे-पावणेदोनशे रुपयांचा, तोही हमीभाव मिळाला तर. पँट विकते आठशेला, बाराशेला, तीन हजाराला. मधल्या पैशात सूत, विणाई, रंगाई, शिलाई, वाहतूक, दुकानभाडं, कर सगळं आहे. पण एकाच कापसाची एक पँट आठशेची आणि दुसरी तीन हजाराची होते, तिथे मोठा वाटा बिल्ल्याचा असतो. आणि बिल्ला वयाप्रमाणे, कमाईप्रमाणे बदलतो.

एकच मालक, चार शर्ट

शर्टाचं उदाहरण घ्या. पीटर इंग्लंड, ॲलन सॉली, व्हॅन ह्युसेन आणि लुई फिलिप ही चार नावं दुकानात वेगवेगळ्या भिंतींवर दिसतात. चारही आदित्य बिर्ला समूहाची आहेत. पीटर इंग्लंड आपल्या देशात १९९७ ला आलं, ते परवडणारा चांगला शर्ट म्हणून. नुकतीच नोकरी लागलेल्या, मुलाखतीला निघालेल्या पोराचा. ॲलन सॉली १९९३ चं. त्याने ऑफिसातल्या तरुणाला सांगितलं की शुक्रवारी जरा रंगीत, मोकळं घातलं तरी चालते. त्यावरचे दोन साहेब लोकांचे. माणूस वयाने आणि पगाराने चढत जातो तसा त्याला पुढच्या भिंतीकडे ढकलायचं, पण मालकाच्या घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. बायकांच्या कुर्त्यात ‘डब्ल्यू’ आणि ‘ऑरेलिया’ यांचं तसंच. दोन्ही एकाच कंपनीने काढलेले, एक शहरातल्या नोकरदार बाईसाठी, दुसरा जरा स्वस्तातला.

मापाच्या चिठ्ठीवरूनही ओळखू येते. चाळिशीपुढच्यांच्या शर्टावर ३८, ४०, ४२ असे आकडे. पोरांच्या टी-शर्टावर एस, एम, एल. लेकरांच्या कपड्यावर थेट वय, ‘७-८ वर्षे’ असं. या शेवटच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. त्याच चिठ्ठीवर बहुतेक वेळा बारीक अक्षरात सेंटिमीटरमध्ये उंचीही असते. ती बघा. आपलं पोरगं आठ वर्षांचं असलं तरी त्याची उंची त्या चिठ्ठीतल्या पोराएवढी असेलच असं नाही.

लेकराचा कपडा : विकायचा आईला, हट्ट करायचा लेकराने

लहान मुलांच्या कपड्यात दोन माणसांना एकाच वेळी पटवावं लागते. चार वर्षांच्या पोराला कापड कळत नाही, चित्र कळते. ‘छोटा भीम’ २००८ मध्ये पोगो चॅनेलवर सुरू झाला. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीने तो काढला. असं पात्र चालायला लागलं की कपडेवाला त्या पात्राच्या मालकाला परवान्याचे पैसे देऊन चित्र छापतो. डोरेमॉन, मोटू-पतलू, स्पायडरमॅन सगळ्यांचं असंच. ते पैसे किमतीत आपल्याकडूनच वसूल होतात. बाजारात हातगाडीवर तेच चित्र ऐंशी-शंभराला मिळते, कारण तिथे परवाना वगैरे कोणी घेतलेला नसतो.

आईला वेगळं सांगतात. मऊ आहे, धुतल्यावर जात नाही, अंगाला टोचत नाही. आणि दुकानाची मांडणी अशी की बहुतेक ठिकाणी लेकरांचे कपडे आत नाहीतर वरच्या मजल्यावर. तिथपर्यंत जाताना आणि येताना बायकांचा विभाग लागतोच.

यात सगळ्यात हुशारीचं काम मला पुण्याच्या ‘फर्स्टक्राय’चं वाटते. २०१० ला सुरू झालेली ही कंपनी. त्यांनी दवाखान्यांशी बोलून बाळंत झालेल्या बाईला भेटीची पेटी द्यायची पद्धत पाडली. आत नमुने, कुपनं. पुढे ॲपवर गेलं की बाळाची जन्मतारीख भरायला सांगतात. एकदा तारीख गेली की कंपनीला कळलं, हे बाळ सहा महिन्यांचं कधी होणार, पहिला वाढदिवस कधी, दोन वर्षांचं माप कधी लागणार. त्या-त्या आठवड्यात मोबाइल वाजतो. जुन्या दुकानदारालाही आपल्या घरात कोणाचं लग्न आहे ते माहीत असायचं, पण तो आपल्याला ओळखत होता आणि आपण त्याला.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या मागावर राहून त्यांना नेमून जाहिराती दाखवायला बंदी घातली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि अंमल टप्प्याटप्प्याने होणार आहे. पण आपल्याकडे घरात फोन एकच असतो, तो असतो बापाच्या नावावर, आणि चालवते पोरगी. कंपनीच्या लेखी ती पंचेचाळीस वर्षांचा कास्तकार आहे. कायदा तिथे काय करणार?

सोळा ते चोवीस : इथे सगळ्यांचा डोळा

आता खरी झुंबड आहे ती या वयावर. टाटांच्या ट्रेंट कंपनीचं ‘झुडिओ’ बघा. टीव्हीवर त्याची जाहिरात पाहिल्याचं कोणाला आठवते? नसेलच, कारण कंपनी असल्या जाहिरातीवर पैसा घालत नाही. घरपोच ऑनलाइन विक्रीही नाही. तरी मार्च २०२५ अखेर त्यांची ७६५ दुकानं झाली होती. कपडे बहुतेक हजाराच्या आतले. माल सारखा बदलता ठेवायचा. आज आवडलेला टॉप पुढच्या महिन्यात असेलच असं नाही, म्हणून पोरी वरचेवर चक्कर मारतात आणि आवडलं की लगेच उचलतात. जाहिरात पोरीच करतात. दुकानातून आल्यावर पिशवीतला एक-एक कपडा काढून दाखवायचा व्हिडिओ टाकतात, तो मैत्रीण बघते, मग तीही जाते. कंपनीला पैसा लागत नाही.

हे बघून बाकीचेही उतरले. रिलायन्सने ऑगस्ट २०२३ मध्ये हैदराबादला ‘यूस्टा’ उघडलं, सगळा माल ९९९ च्या आत आणि बराचसा ४९९ च्या आत. शॉपर्स स्टॉपने त्याच वर्षी ‘इनट्यून’ काढलं. दुबईच्या लँडमार्क समूहाचं ‘मॅक्स’ त्याआधीपासून आहेच.

९९९ आणि ४९९ हे आकडे पोरांसाठीच आहेत. हजार म्हटलं की घरात विचारावं लागते. नऊशे नव्याण्णव म्हटलं की ‘हजारही नाही’ असं सांगता येते. बाटाच्या चपलांनी ही युक्ती आपल्या आजोबांवरही वापरली होती. याला थोडी कराचीही जोड होती. शिवलेल्या कपड्याचा नग हजारापर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आणि वर गेला की १२, असं बरीच वर्षं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ती रेघ २,५०० वर गेली. अडीच हजारापर्यंत ५ टक्के, त्यावर १८. तेव्हा तेराशे-पंधराशेचा कपडा घेताना कर कमी झाला आहे हे लक्षात असू द्या. शेरवानी नाहीतर कोट घ्यायचा असेल तर तो वाढला आहे.

या वयाला कपडा का विकता येतो, याचं कारण साधं आहे. या वयात पोराला बापासारखं दिसायचं नसते. बाप स्लिम घालतो तर पोराला ढगळ पाहिजे. बापाची पिढी ढगळ घालत होती तेव्हा पोरांना टाइट पाहिजे होतं. १९९० च्या आसपासचे कॉलेजचे फोटो काढून बघा, आजच्या बॅगी पँटीत आणि त्यात फार फरक दिसणार नाही. ब्रँडवाला फक्त एवढंच करतो की दर पाच-सात वर्षांनी घेर कमी-जास्त करतो, म्हणजे घरात धड असलेली पँटही जुनी होते. धडपणी कपडा बाद करायचा हा प्रकार आपल्या आयांना कधी पटला नाही, आणि मला विचाराल तर त्यांचंच बरोबर होतं.

कापडाकडेही बघा. या स्वस्त मालात बराच पॉलिस्टर नाहीतर व्हिस्कोस असते. आतल्या शिवणीत पांढरी चिठ्ठी असते, तिच्यावर टक्के लिहिलेले असतात. कापूस पिकवणाऱ्याच्या पोराने मे महिन्यात यवतमाळच्या उन्हात पॉलिस्टर घालून फिरावं, याला काय म्हणावं. पण पोरांना दोष देऊनही उपयोग नाही. दिसायला चांगलं आणि खिशाला हलकं, हे दोन्ही त्यांना तिथे मिळते.

मोबाइलवरची खरेदी हा याचा दुसरा भाग, आणि इथे घराने जागं राहायला पाहिजे. ‘फक्त २ शिल्लक’, ‘१० मिनिटांत ऑफर संपेल’ असं जे पडद्यावर पळत असते ते पुष्कळदा खोटं असते. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या प्रकारांवर नियमावली काढली. खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत आणखी वस्तू टाकणं, किंमत आधी कमी दाखवून शेवटच्या पानावर वाढवणं, हे सगळं त्यात अनुचित व्यापार ठरवलं आहे. रील करणाऱ्याने कंपनीकडून पैसे किंवा फुकट कपडे घेतले असतील तर ते सरळ सांगायला पाहिजे, अशी सूचना जानेवारी २०२३ ची आहे. आपल्या गावाकडच्या बोलीत रील करणारी पोरंपोरी आता या कामात आहेत. त्यांना हे माहीत असावं म्हणून लिहितो.

‘आता घ्या, पैसे नंतर द्या’ हे बटण सगळ्यात वाईट. दिसायला ती सोय आहे, पण ते कर्ज आहे. अठरा पूर्ण झालेल्या पोराच्या पॅनवर ते चढते, आणि हप्ता थकला की त्याची नोंद सिबिलला जाते. पाच-सहाशेच्या टी-शर्टासाठी पोराच्या नावावर थकबाकी लागली आणि उद्या तोच ट्रॅक्टरसाठी नाहीतर शिक्षणासाठी बँकेत उभा राहिला, तर साहेब टी-शर्ट विचारत नाही, थकबाकी विचारतो.

घरातली बाई

लग्न झालेल्या बाईला विकायची रीत वेगळी. तिच्याकडे दुकानात फिरायला वेळ नाही आणि तिला नट-नटीपेक्षा जाऊ, नणंद, शेजारीण यांच्या शब्दाचं महत्त्व. ‘मीशो’ने सुरुवातीच्या काळात नेमकं हेच पकडलं. बायांनीच साड्यांचे, कुर्त्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर ओळखीत पाठवायचे, ऑर्डर घ्यायची, वर थोडं ठेवायचं. माल आल्यावर पैसे. न पटल्यास परत. खेड्यातल्या बाईला दुकानात ‘दाखवा’ म्हणायचा संकोच असतो, पैसे आधी द्यायची भीती असते, त्या दोन्ही गोष्टी यात गेल्या. साडीवरून कुर्ती-लेगिंगवर येणं आपल्याकडे ज्या वेगाने झालं, त्यात याचा मोठा हात आहे. सासूसमोर ‘सगळ्याच घालतात’ असं म्हणता यायला लागलं, आणि ते मोबाइलमधल्या फोटोंनी सिद्धही करता यायला लागलं.

लग्न : सगळी वयं एका मांडवात

कलकत्त्याच्या वेदांत फॅशन्सचं ‘मान्यवर’ १९९९ चं. त्यांच्या जाहिराती नीट बघा. नवरदेव एकटा नसतो. भाऊ असतो, मित्र असतात, बाप असतो, आणि प्रत्येकाच्या अंगावर वेगळ्या किमतीचा त्यांचाच कपडा. २०१७ मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा त्यांच्या जाहिरातीत नवरा-नवरीच्या मैत्रांसारखे लग्नात वचनं देताना दिसले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी दोघांचं खरंच लग्न झालं. त्या जाहिरातीला याहून मोठा आहेर कोण देणार होतं?

मान्यवरवाले सेल लावत नाहीत, हे त्यांचं ठरलेलं धोरण आहे. कारण लग्नाची तारीख पुढे ढकलून कोणी सेलची वाट बघत बसत नाही. बाकीच्या ब्रँडांचे मोठे सेल येतात जुलैत आणि जानेवारीत. जुलैत आपल्याकडे पैसा जमिनीत गेलेला असतो, बी-खत-निंदण सुरू असते. जानेवारीत मात्र कापूस निघालेला असतो. ज्यांच्या घरी एप्रिल-मेमध्ये लग्न आहे, त्यांनी बाकी घराचे कपडे जानेवारीच्या सेलमध्ये घेऊन ठेवले तर बरेच पैसे वाचतात. यंदा ती वेळ गेली, पुढच्या वर्षी बघा.

आणि आजोबा?

साठीपुढच्या माणसाला ब्रँडवाला जवळजवळ काहीच विकत नाही. एक दाखला सांगतो. भारतीय माणसाच्या अंगाची मापं ठरवायला निफ्ट या सरकारी संस्थेने ‘इंडिया साइझ’ नावाचा मोठा उपक्रम घेतला. पंचवीस हजारांवर लोकांची मापं, सहा शहरांत, वय १५ ते ६५. पासष्टच्या पुढचा माणूस त्यात नाही, आणि खेडंही नाही. वाकलेल्या पाठीला शर्ट मागून वर का जातो आणि पुढून लोंबतो का, ते कोण मोजणार?

म्हाताऱ्याचा कपडा येतो तो आहेरातून. पँट-शर्टच्या पिसांचे खोके, टोपी-दुपट्टा, साडी. कंपन्याही हे ओळखून आहेत, म्हणून भेटीच्या खोक्यावर खर्च दिसतो. सोनेरी कागद, मोठं नाव. खोकं पसंत करतो देणारा. घालणाऱ्याला कोणी विचारत नाही. त्यातले कितीतरी पीस एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत राहतात हे तुम्हालाही माहीत आहे. आहेर द्यायचाच असेल तर एक करता येईल. पीस देताना शिलाईचे पैसे त्यात घालून द्या. कापड पडून राहते ते बहुतेक शिलाईच्या पैशापायी.

तमिळनाडूत मात्र वेगळं घडलं. तिरुपूरच्या ‘रामराज कॉटन’ने धोतर, म्हणजे त्यांची वेष्टी, हाच धंदा केला. धोतर नेसलेल्या माणसाला सलाम ठोकणारी जाहिरात त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. पोरांना नेसता येत नाही म्हणून कमरेला चिकटपट्टी लावलेली वेष्टी काढली, वर मोबाइलला खिसा. आजोबांचा कपडा नातवाला विकला, तोही अभिमानाने. आपल्याकडे धोतर-नेहरू शर्टाचं असं कोणी मोठ्या प्रमाणावर केल्याचं मला तरी दिसलेलं नाही. नेहरू शर्ट शिवणारे शिंपी आता एकेका तालुक्यात बोटावर मोजण्याइतके राहिले. त्यांच्याकडे जाणारं गिऱ्हाईकही तेवढंच.

खरेदीला जाण्याआधी एवढं बघून ठेवा

छापील किमतीत कर धरलेला असतो, त्याच्या वर पैसे मागता येत नाहीत. बदलून देण्याची मुदत बिलाच्या मागे असते, ती घरी आल्यावर नाही, पैसे देण्याआधी वाचा. लग्नाचा कपडा असेल तर ‘बदलून मिळणार का’ हे आधी विचारा. ऑनलाइनचं पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, वाद झाला तर तोच पुरावा. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे मराठीतही तक्रार सांगता येते. बिल जपून ठेवलं असेल तरच पुढचं काम सोपं जाते.